गंभीर दमा आणि बायोलॉजिक इंजेक्शनं: रिमिशन येईल का, हे आधी सांगता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोलॉजिक सुरू करायचं ठरलं की पेशंट आणि घरचे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: "याने पूर्ण आराम पडेल ना?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळायला हवं. ते लांबलचक आहे, म्हणून इथे एकेक प्रश्न सुटा करून घेतला आहे.

रिमिशन म्हणजे दमा बरा झाला असं समजायचं का?

नाही. मराठीत काही ठिकाणी 'रोगमुक्ती' असा शब्द वापरलेला दिसतो. तो मी जाणूनबुजून टाळतो, कारण त्यातून भलतीच आशा तयार होते. रिमिशन म्हणजे आजार आहे, पण गप्प आहे. २०२० साली तज्ज्ञांच्या एका गटाने याची जी चौकट मांडली, ती आजही बहुतेक अभ्यासांचा पाया आहे. किमान बारा महिने सलग दम्याची लक्षणं जवळपास नसावीत, फुफ्फुसाची ताकद स्थिर आणि शक्य तितकी चांगली असावी, तोंडाने किंवा शिरेतून एकदाही स्टेरॉइड घ्यावं लागू नये आणि पेशंट व डॉक्टर दोघांनाही 'आजार शांत आहे' हे मान्य असावं. याला 'उपचार चालू असतानाचं क्लिनिकल रिमिशन' म्हणतात. शरीरातली सूजही मावळल्याचं तपासण्यांतून दिसलं तर त्याला पूर्ण रिमिशन म्हणतात. सगळी औषधं बंद करूनही हे टिकलं तर तो आणखी वेगळा प्रकार. गंभीर दम्यात आपण जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकाराबद्दल बोलत असतो.

माझा दमा 'गंभीर' आहे हे कसं ठरतं?

खूप त्रास होतो एवढ्यावरून ठरत नाही. स्टेरॉइडच्या पंपाचा (इन्हेलरचा) मोठा डोस आणि सोबत दुसरं नियंत्रक औषध, हे नीट आणि नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, किंवा एवढं घेतल्यावरच कसाबसा आटोक्यात राहत असेल, तर तो गंभीर दमा. यातला 'नीट आणि नियमित' हा भाग फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

बायोलॉजिक औषधं नेमकं काय करतात?

दम्याच्या सुजेमागे शरीरातले निरोप्यांसारखे काही रेणू असतात. ही इंजेक्शनं त्यांतला एखादा निरोप्या नेमका अडवतात. ओमालिझुमॅब आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाला धरतं. मेपोलिझुमॅब आणि रेस्लिझुमॅब इंटरल्युकिन-५ अडवतात. बेनरालिझुमॅब त्याच इंटरल्युकिनच्या ग्राहकाला (पेशीवरच्या ज्या जागी तो निरोप्या जाऊन बसतो तिला) चिकटून इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीच संपवतं. डुपिलुमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा सामाईक ग्राहक बंद करतं. टेझेपेलुमॅब सगळ्यांच्या वर बसलेल्या टीएसएलपी या रेणूला रोखतं. ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली आणि टेझेपेलुमॅबला २०२१ च्या अखेरीस. म्हणजे हे सगळं शास्त्र अवघं दोन-अडीच दशकांचं आहे. रिमिशनचा विचार तर त्याहून कितीतरी नवा. आधी 'ॲटॅक कमी झाले का' एवढंच विचारलं जायचं.

किती जणांना रिमिशन येतं?

ब्रिटनच्या गंभीर दमा नोंदवहीतल्या १,१११ पेशंटचा अभ्यास २०२३ मध्ये आला. बायोलॉजिक सुरू केल्यावर वर्षभराने त्यातले १८.३ टक्के लोक रिमिशनच्या निकषांत बसले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होतं. ढोबळमानाने पाचांत एक म्हणा.

आकडा ऐकून चेहरा पडतो, मला माहीत आहे. पण त्याच डेन्मार्कच्या पेशंटपैकी ७९ टक्के लोकांना औषधाचा ठोस फायदा झाला होता. उरलेल्या बहुतेकांना काहीच मिळालं नाही असा अर्थ काढू नका.

मग काही ठिकाणी ३० टक्के, कुठे ५० टक्के असं का वाचायला मिळतं?

कारण गोलपोस्ट हलतो. अनेक देशांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गंभीर दमा नोंदवहीने एकाच पेशंटगटाला चार वेगवेगळ्या व्याख्या लावून पाहिल्या. फक्त 'ॲटॅक नाही आणि रोजच्या स्टेरॉइड गोळ्या नाहीत' एवढंच पाहिलं तर ५० टक्क्यांच्या आसपास लोक बसले. त्यात लक्षणांवरचा ताबा आणि फुफ्फुसाची क्षमता या दोन्ही अटी घातल्या की तोच आकडा २० टक्क्यांवर आला. माणसं तीच, इंजेक्शनं तीच.

हे एका माणसाच्या बाबतीत कसं दिसतं ते बघा. समजा, साठीची एक बाई आहे. तीस वर्षांचा दमा. इंजेक्शनाआधी वर्षाला चार ॲटॅक, रोज दहा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी, आणि स्पायरोमेट्रीत (जोरात फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजणाऱ्या तपासणीत) पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ५५ टक्के. वर्षभराने ॲटॅक शून्य, गोळी बंद, रात्री सलग झोप, आणि फुंकर ६८ टक्क्यांवर. ज्या व्याख्येत '८० टक्के किंवा अधिक' अशी अट आहे, तिथे ही बाई नापास. ज्या व्याख्येत 'फुफ्फुस स्थिर किंवा सुधारलेलं' एवढंच मागितलं आहे, तिथे पास. तिच्या श्वासनलिकांमध्ये जी कायमची जाडी आली आहे ती कुठलंही इंजेक्शन खरवडून काढू शकत नाही. माझ्या मते तिला 'नापास' म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणूनच कुणी रिमिशनचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारा: व्याख्या कोणती?

रिमिशन येण्याची शक्यता कोणाला जास्त असते?

वेगवेगळ्या देशांच्या नोंदींतून जे पुन्हा पुन्हा समोर येतं ते असं: दमा सुरू होऊन कमी वर्षं झालेली, इंजेक्शनाआधी फुफ्फुसाची क्षमता बऱ्यापैकी राखलेली, रोजच्या स्टेरॉइड गोळ्या नसलेल्या किंवा अगदी कमी डोस असलेल्या, वर्षाला ॲटॅक कमी, लक्षणांवर आधीपासून थोडाफार ताबा, वजन आटोक्यात, आणि रक्तातले इओसिनोफिल व श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड, या सुजेच्या खुणा, वाढलेल्या.

यादी नीट वाचली तर एक गोष्ट खटकेल. शेवटचा मुद्दा सोडला तर बाकी बहुतेक 'आजार अजून फार पुढे गेलेला नाही' हेच सांगतात. आणि शेवटचा मुद्दा सांगतो की विझवायला योग्य जातीची आग आहे. अंदाजाचं सगळं गुपित या दोन वाक्यांत आहे: आग योग्य जातीची हवी आणि घर अजून फार जळलेलं नको. टोचणारी गोष्ट अशी की बायोलॉजिक बहुधा सगळ्यात शेवटी, घर बरंच जळल्यावर दिलं जातं. ज्याला वर्षानुवर्षं गोळ्यांवर काढायला लावलं, त्याच्याकडूनच आपण रिमिशनची अपेक्षा धरतो.

ब्रिटनच्या अभ्यासात सुजेच्या खुणा ठळक असलेल्यांना रिमिशनचं गुणोत्तर (रिमिशन आलेले विरुद्ध न आलेले) ७.४४ पट निघालं. आकडा मोठा आहे, पण त्याचा विश्वासपट्टा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या मर्यादेत असेल ती, १.७३ पासून ३१.९५ पर्यंत पसरलेला आहे. दिशा पक्की, नेमका जोर सैल. असे आकडे बातमीत येतात तेव्हा हा पट्टा हमखास गळतो.

दमा जुना असणं इतकं का भोवतं?

वर्षानुवर्षं सुजलेल्या श्वासनलिकेची भिंत जाड होते, तिच्याभोवतीचे स्नायू वाढतात, आतमध्ये घट्ट चिकट कफाचे खडे बसतात. सीटी स्कॅनमध्ये हे खडे बारीक पांढऱ्या फांद्यांसारखे दिसतात आणि त्यांचा इओसिनोफिलशी जवळचा संबंध आहे. सूज औषधाने उतरते, कफाचे खडेही काही प्रमाणात कमी होतात, पण बांधकामात झालेला बदल मागे फिरत नाही.

आकड्यात सांगायचं तर, ब्रिटनच्या नोंदींत दम्याच्या दर दहा वर्षांमागे रिमिशनचं गुणोत्तर सुमारे १४ टक्क्यांनी घटलं आणि आंतरराष्ट्रीय नोंदींतही जवळपास तेवढंच. इथे गुणोत्तर आणि टक्केवारी यांत गल्लत होते, म्हणून उदाहरण करून बघू. शंभरांत २० जणांना रिमिशन, म्हणजे २० विरुद्ध ८०, गुणोत्तर ०.२५. दहा वर्षं अधिक जुना दमा असेल तर त्याला ०.८५ ने गुणा: साधारण ०.२१, म्हणजे शंभरांत १७-१८ जण. तीस वर्षं अधिक असतील तर शंभरांत १३ च्या आसपास. दार बंद होत नाही, अरुंद होत जातं.

रक्त तपासलं, इओसिनोफिल कमी आले. म्हणजे मला उपयोग नाही?

थांबा. रक्त दिलं तेव्हा तुम्ही प्रेडनिसोलोन घेत होता का? ही गोळी इओसिनोफिल खाली दाबते, नायट्रिक ऑक्साइडही दाबते. ॲटॅकनंतरच्या स्टेरॉइड कोर्समध्ये काढलेल्या रक्तावरून कुणाला 'तुमचा प्रकार तो नाही' असं सांगणं चूक आहे. कोर्स संपून एक-दोन आठवडे गेल्यावर, किंवा गोळी रोजचीच असेल तर सर्वांत कमी डोसवर असताना, आणि गरज पडली तर दोन-तीनदा तपासायला हवं. जुने रिपोर्टही काढा. पाच वर्षांपूर्वी भलत्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत स्टेरॉइड सुरू होण्याआधीचा खरा आकडा सापडू शकतो.

कोणता आकडा अर्थपूर्ण? रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे १५० किंवा अधिक इओसिनोफिल, किंवा श्वासात २० पीपीबी (अब्जातले भाग) किंवा अधिक नायट्रिक ऑक्साइड, ही मार्गदर्शक तत्त्वांतली सुरुवातीची रेषा. आकडे जसे वर जातात तसा फायद्याचा अंदाज बळकट होतो.

इंजेक्शनानंतर इओसिनोफिल शून्य झाले. रिमिशन आलं ना?

नाही, यावरून ते ठरत नाही. बेनरालिझुमॅब घेतल्यावर ते जवळपास शून्य होणं अपेक्षितच आहे, बरं वाटो न वाटो. उलट डुपिलुमॅबवर काही जणांचे इओसिनोफिल सुरुवातीला तात्पुरते वाढतात, आणि दमा मात्र सुधारत असतो. एकदा औषध सुरू झालं की ही खूण औषधाचं काम दाखवते, आजाराची स्थिती नाही.

वजन आणि स्त्री-पुरुष फरक यांचा खरंच संबंध आहे?

ब्रिटनच्या अभ्यासात लठ्ठपणा असलेल्यांमध्ये गुणोत्तर जवळपास निम्म्यावर आलं, आणि स्त्रियांमध्ये ०.६१ वर. डेन्मार्कमध्येही कमी वजन आणि कमी वर्षांचा दमा याच दोन गोष्टी रिमिशनशी जोडलेल्या दिसल्या. वजन जास्त असेल तर पोट-छातीवरच्या भारानेही धाप लागते आणि ती धाप कुठलंही इंजेक्शन काढत नाही. प्रश्नावलीत मात्र ती दमा म्हणूनच मोजली जाते. स्वरयंत्राचा आकसणारा त्रास, झोपेत श्वास अडकणं, ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), सततची चिंता यांचंही तसंच. या गोष्टी शोधून त्यांच्यावर स्वतंत्र उपचार केले तर अंदाज बदलू शकतो. दम्याची वर्षं कमी करता येत नाहीत, पण हे हातात आहे.

संगणक किंवा एआय माझ्यापुरतं नेमकं उत्तर देईल का?

आज तरी नाही. वय, दम्याची वर्षं, फुंकरीचे आकडे, रक्त, गोळ्यांचा डोस असं सगळं भरून 'तुमची शक्यता इतके टक्के' असं सांगणारी मॉडेल्स तयार होत आहेत आणि ती दिशा योग्य आहे. अडचणी मात्र खऱ्या आहेत. प्रत्येक मॉडेल कुठल्यातरी एका व्याख्येवर शिकलेलं असतं, आणि व्याख्या बदलली की उत्तर बदलतं हे वर पाहिलंच. नोंदवहीत अनेकांचे रकाने रिकामे असतात. वर्षभर इंजेक्शन घेत राहिलेलेच मोजले तर मधेच सोडलेले, म्हणजे बहुधा फायदा न झालेले, आपोआप गळतात आणि निकाल गोड दिसतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. बायोलॉजिक बहुतेक वेळा आजाराच्या सर्वांत वाईट वर्षानंतर सुरू होतं. त्यानंतरचं वर्ष औषध न घेताही थोडं बरं जाण्याचीच शक्यता असते. मॉडेल हा फरक ओळखत नसेल तर सगळं श्रेय औषधाला देतं. म्हणून कुणी असं यंत्र दाखवलं तर दोनच गोष्टी विचारा: ज्या पेशंटवर ते शिकलं त्यांच्याबाहेरच्या लोकांवर पडताळलं आहे का? आणि ते ज्यांना 'तीस टक्के' म्हणतं, त्यांतल्या शंभरांपैकी खरोखर तीसच्या आसपास लोकांना रिमिशन आलं का?

उपयोग होतोय की नाही हे किती दिवसांत कळतं?

किमान चार महिने द्या. तेव्हाही चित्र धूसर असेल तर सहा ते बारा महिन्यांपर्यंत थांबता येतं. रिमिशनचा शिक्का मात्र बारा महिन्यांआधी कुणी मारू शकत नाही. ॲटॅक ऋतूप्रमाणे येतात. तीन शांत महिने ऋतूचेही असू शकतात.

पंप घेण्याची पद्धत एवढी महत्त्वाची का मानता? आता तर इंजेक्शन आहे.

कारण इंजेक्शन पंपाच्या जोडीला असतं, त्याच्या जागी नाही. आणि कारण चुका फार साध्या असतात. पंप हलवलाच नाही. आधी श्वास बाहेर सोडला नाही. कळ दाबली आणि अर्ध्या सेकंदाने ओढायला सुरुवात केली, तोवर औषध जिभेवर आणि टाळूवर बसलं. ओढून लगेच तोंड उघडलं, दहापर्यंत श्वास रोखलाच नाही. पावडरच्या पंपात उलटी चूक होते: तिथे जोरात ओढायला हवं आणि माणूस हळू ओढतो. पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा. शब्दांत 'हो, बरोबर घेतो' असं सांगून हे कळत नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या कधी बंद होतील?

ही माझ्या दृष्टीने रिमिशनपेक्षाही मोठी गोष्ट आहे. एका ॲटॅकला रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, म्हणजे २०० मिलिग्रॅम. असे चार कोर्स झाले की ८०० मिलिग्रॅम. आयुष्यभराची बेरीज अर्धा ते एक ग्रॅम झाली तरी मधुमेह, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू अशा दुष्परिणामांचा धोका वाढायला लागतो.

बेनरालिझुमॅबच्या पोनेंटे अभ्यासात ५९८ पेशंटच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवल्या. सुमारे ६३ टक्के लोकांची गोळी पूर्ण बंद झाली. पण त्याच अभ्यासात पहिल्या तपासणीत सुमारे ६० टक्के लोकांच्या ॲड्रिनल ग्रंथी कमी-अधिक सुस्तावलेल्या आढळल्या. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. म्हणून बरं वाटलं तरी गोळी स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका. रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. सकाळच्या कॉर्टिसोलची (शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडची) तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरायचं.

रिमिशन आल्यावर पंप किंवा इंजेक्शन सोडता येईल?

पंपाचा डोस बऱ्याच जणांचा कमी होऊ शकतो. शमाल नावाच्या अभ्यासात बेनरालिझुमॅबवर चांगला ताबा मिळालेल्यांपैकी ९२ टक्के लोकांचा डोस उतरवता आला. मात्र जे रोजचा पंप सोडून 'लागेल तेव्हाच' इथवर खाली आले, त्यांची फुंकर घसरली आणि श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड वाढलं. तेव्हा कमी करा, शून्य नको.

इंजेक्शनाचं उत्तर अधिक सावध आहे. ओमालिझुमॅब अनेक वर्षं घेतलेल्यांवर एक चाचणी झाली. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना पुढच्या वर्षभरात ॲटॅक आला नाही, बंद केलेल्यांत हे प्रमाण ४७.७ टक्के होतं. म्हणजे बंद केलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक नीट राहिले. ते कोण हे आधी ओळखता आलं असतं, तर कितीतरी लोकांची इंजेक्शनं सुखाने थांबली असती. रिमिशनच्या अंदाजाचा पुढचा खरा प्रश्न हाच आहे.

लहान मुलांना हे लागू आहे का?

सरसकट नाही. वरच्या व्याख्या आणि नोंदी मुख्यतः मोठ्यांच्या आहेत. शिवाय काही मुलांचा दमा वाढत्या वयात आपसूकही शांत होतो, तो हिशोब निराळा.

वर्ष झालं, रिमिशन नाही. औषध बदलायचं?

आधी बघा, कुठली अट हुकली. ॲटॅक थांबले, गोळी सुटली, फक्त फुंकर ८० टक्क्यांना शिवली नाही, तर औषध बदलण्याचं कारण नाही. ॲटॅक चालूच असतील तर पंपाची पद्धत, चुकलेली इंजेक्शनं, सोबतचे आजार, घरातला किंवा कामावरचा धूर, आणि निदान मुळात बरोबर होतं का, हे तपासून मग दुसऱ्या निरोप्याला अडवणाऱ्या औषधाचा विचार करा. पहिलं न लागल्यावर दुसरं छान लागलं, असं होतं.

पहिल्या इंजेक्शनाआधी मी काय तयारी करावी?

एका कागदावर लिहून काढा: दमा कोणत्या वर्षी सुरू झाला, गेल्या बारा महिन्यांत स्टेरॉइडचे कोर्स किती आणि कोणत्या महिन्यांत, रोजची गोळी असेल तर डोस, रात्री किती वेळा जाग येते, आराम देणारा पंप आठवड्यातून किती वेळा लागतो. जुने रक्ताचे आणि स्पायरोमेट्रीचे सगळे रिपोर्ट, जितके जुने तितके चांगले, तारखेप्रमाणे लावा. पोटात जंत असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा, कारण त्यावरचे उपचार आधी व्हायला हवेत. आणि एक ओळ स्वतःसाठी लिहा: मला काय परत हवं आहे. न थांबता एक मजला चढणं असेल, मुलीशी फोनवर पूर्ण वाक्य बोलणं असेल. वर्षभराने डॉक्टर आकडे तपासतील तेव्हा ती ओळही त्यांच्यासमोर ठेवा.